संस्कृत की पाली, आणि पोटापाण्याचे काय?

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातील आहे. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले आणि लातूरला राहून ‘नीट’साठी एक वर्ष रिपीट केले, पण गुण पुन्हा कमी आले. आता मला बी.ए.ला प्रवेश घेऊन प्राचीन भारताचा इतिहास आणि संस्कृत किंवा पाली शिकायची इच्छा आहे. दहावीला संयुक्त संस्कृत होते, पण ते गुण मिळवण्यापुरतेच. वडील म्हणतात, “या जुन्या भाषा शिकून पोट भरतं का?” मामा म्हणतात, “आपल्यात कुणी संस्कृत शिकलंय का आजवर?” आणि पालीचे नाव काढले की लोक आधी आडनाव विचारतात. मी नेमके काय घ्यावे, कुठे शिकावे आणि घरच्यांना काय सांगावे?
— एक विद्यार्थिनी, जिल्हा बीड

उत्तर : तुमच्या वडिलांचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळेपर्यंत बाकीच्या प्रश्नांना तुमच्या घरात कोणी बसायलाही सांगणार नाही. वडिलांची शंका रास्त आहे. संस्कृत किंवा पालीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी मराठवाड्यात जागा मोजक्या आहेत. अनुदानित महाविद्यालयांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या मानधनात घर चालत नाही, आणि एखादी कायम जागा निघालीच तर ती कोणत्या वाटेने भरली जाते हे मी मराठवाड्यातील पालकांना सांगावे अशी परिस्थिती नाही. मात्र ज्या घराने ‘नीट’साठी शिकवणीची फी, खोलीचे भाडे आणि मुलीचे एक वर्ष घातले, त्या घराने अनिश्चितता यापूर्वीच पत्करलेली आहे, त्या अनिश्चिततेला समाजात मान आहे आणि या अनिश्चिततेला नाही, एवढाच फरक आहे. वडिलांशी बोलताना नोकरीची हमी देऊ नका. ती तुम्ही देऊ शकत नाही, आणि विज्ञान शाखेकडेही ती नव्हती. त्यांना कोणकोणते दरवाजे आहेत, त्यांपैकी प्रत्येक किती रुंद आहे आणि किती वर्षांनी आपण थांबून हिशेब करणार आहोत, हे सांगा.

दरवाजे असे. पदव्युत्तर पदवीनंतर महाविद्यालयात शिकवण्याच्या पात्रतेची नेट परीक्षा देता येते. तिच्यात संस्कृत, पाली, प्राकृत आणि पुरातत्त्वशास्त्र हे स्वतंत्र विषय आहेत आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास सध्या दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात; तिच्या जाहिरातींची वाट पाहावी लागते आणि रक्कम हाती येण्याची त्याहून अधिक, तरीही ती मिळते. बी.एड. करून शाळेत शिकवता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेतील दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेसाठी प्राचीन इतिहास किंवा पुरातत्त्व या विषयांच्या पदव्युत्तर पदवीधरांप्रमाणेच संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी किंवा फारसी या भाषांचे पदव्युत्तर पदवीधरही पात्र धरले जातात. याच खात्याची पुराभिलेख शाखा म्हैसूर येथे आहे, आणि तेथील कामच मुळी लेख वाचण्याचे आहे. स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत संस्कृत साहित्य हा वैकल्पिक विषय आजही आहे, पाली मात्र २०१३ साली त्या यादीतून वगळण्यात आली. अजिंठा-वेरूळला परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवणाऱ्या परवानाधारक मार्गदर्शकांचा व्यवसायही आहे, आणि इंग्रजीबरोबर जपानी किंवा फ्रेंच येणाऱ्याला तिथे मागणी असते.

यांपैकी एकही दरवाजा नुसत्या पदवीने उघडत नाही. तुमच्या पत्रात ‘प्राचीन इतिहास’ आधी आहे आणि भाषा नंतर, जणू इतिहास हा मुख्य विषय आणि भाषा ही त्याला लावलेली जोड. मी हा क्रम उलटा करण्यास सांगेन. प्राचीन इतिहासात एम.ए. झालेले, सातवाहनांवर पानेच्या पाने लिहू शकणारे, परंतु सातवाहनांच्या काळातील एक ओळ स्वतः वाचू न शकणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते दुसऱ्याने वाचलेल्या लेखाचे तिसऱ्याने केलेले भाषांतर चौथ्याच्या पुस्तकातून उतरवून घेतात. यात त्यांचा दोष फारसा नाही, कारण भाषा शिकण्याचे वय आणि सवड त्यांना योग्य वेळी कोणी दिली नाही. इतिहासाचे वाचन तिशीतही भरून काढता येते. विभक्तीची रूपे, संधी आणि धातू एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी जसे डोक्यात बसतात तसे पुढे बसत नाहीत.

तुमच्या गावाजवळचेच उदाहरण घ्या. अंबाजोगाईतील खोलेश्वराचे मंदिर तुम्ही पाहिले असेलच. खोलेश्वर हा देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा सेनापती. त्याच्या घराण्याविषयी आपल्याला जे कळते त्यातील बराच भाग अंबाजोगाईतील संस्कृत शिलालेखांतून येतो. शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४० च्या लेखातून कळते की खोलेश्वराचा मुलगा राम लढाईत पडला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ मंदिर उभारले. तेराव्या शतकातील मराठवाड्यातील एक स्त्री, तिचे नाव, तिचा शोक आणि तिच्या हाती असलेला अधिकार हे सारे त्या दगडावर आहे. मंदिरात जाणारे शेकडो लोक अशा दगडांवरून रोज हात फिरवतात, कधी त्यांवर चुना किंवा ऑइलपेंटही फासतात, आणि पुढे जातात.

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने कोरवून घेतले असे आपण शाळेपासून पाठ करतो, परंतु त्या लेण्यात तसे सांगणारा लेख नाही. ते आपल्याला कळते ते बडोद्यास सापडलेल्या कर्क राजाच्या ताम्रपटावरून, आणि तो संस्कृतात आहे. तो कोणी वाचला नसता तर एवढे मोठे लेणे आज निनावी राहिले असते. पितळखोऱ्याला, कन्नडच्या डोंगरात, एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. तिथल्याच दुसऱ्या लेखात पैठणच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. राजांचा इतिहास पाठ्यपुस्तकात मिळतो. सोनार, व्यापारी, भिक्षुणी, भावासाठी मंदिर उभारणारी बहीण ही माणसे मात्र बहुतेक वेळा अशा लेखांतच भेटतात, आणि ती पाहण्यासाठी अक्षर व व्याकरण दोन्ही यावे लागते.

आता संस्कृत की पाली. या प्रश्नाचे उत्तर अजिंठ्याला दिलेले आहे. तेथील दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिष्ठीपुत्र कटहादी याच्या दानाचा लेख आहे. तो ख्रिस्तपूर्व काळातील असून प्राकृतात, म्हणजे पालीच्या जवळच्या लोकभाषेत, आहे. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आणि सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्र याचा लेख आहे. हे पाचव्या शतकातील आहेत आणि दोन्ही संस्कृतात आहेत. दुसऱ्या लेण्यात तर जातकचित्रांशेजारी, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या चित्रांशेजारी, आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेतील श्लोक रंगवलेले आढळले आहेत. म्हणजे एकाच डोंगराच्या कुशीत बौद्ध भिक्षूंनी आधी प्राकृत आणि नंतर संस्कृत वापरली, आणि ज्या कथा चितारल्या त्या पालीतही आहेत आणि संस्कृतातही. ‘संस्कृत त्यांची आणि पाली यांची’ ही वाटणी अजिंठ्याच्या भिंतींना ठाऊक नाही. ती आपल्या घरांत आणि प्रवेश अर्जांच्या रांगेत आहे.

तुमच्या मामांना एक प्रसंग सांगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायचे होते; ते अस्पृश्य म्हणून शिक्षकांनी नाकारले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकून घेतले, पालीचा व्यासंग केला, पालीचे व्याकरण व शब्दकोश यांवर काम केले, आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. ज्यांना दार बंद केले गेले त्यांनीच ते पुढच्यांसाठी उघडून ठेवले असताना ‘आपल्यात कुणी शिकलंय का’ असे म्हणून आपणच ते लोटून घ्यावे, याला अर्थ नाही. उलट बाजूनेही पाहा : पालीचा अभ्यास महाराष्ट्रात रुजवणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील सारस्वत कुटुंबातले होते. आणि आपल्या निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांतील मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला, तेव्हा फारसी कोणाची हा प्रश्न त्यांना आडवा आला नाही. आडनाव विचारणारे विचारत राहतील. त्यांना उत्तर देण्यात तुमचा अभ्यासाचा वेळ जाऊ नये.

माझा कौल विचाराल तर संस्कृत मुख्य विषय म्हणून आणि पाली दुय्यम विषय म्हणून घ्यावी. संस्कृतचे व्याकरण एकदा नीट झाले की पाली आणि प्राकृत बरेच लवकर उलगडतात. उलट दिशेने जायला अधिक वेळ लागतो. शिलालेखांची प्राकृत म्हणजे पाली नव्हे, पण पाली येणाऱ्याला ती परकी वाटत नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. गोदाकाठची शेते, सासू-सुना, परदेशी गेलेला नवरा यांचे ते जग तुम्हाला आपल्याच शिवारातले वाटेल आणि ती वाचण्याची इच्छाच तुम्हाला व्याकरणाच्या कंटाळवाण्या महिन्यांतून पुढे नेईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यातून नव्या जागा आणि प्रकल्प निघतील अशी अपेक्षा बाळगायला हरकत नाही, मात्र वडिलांच्या हिशेबात ती धरू नका.

या कौलाला एक अपवाद आहे आणि तो कौलापेक्षा महत्त्वाचा आहे. तुम्ही ज्या महाविद्यालयात जाल तिथे पाली मन लावून शिकवणारे शिक्षक असतील आणि संस्कृतचा विभाग केवळ फलकावर असेल, तर बेलाशक पाली मुख्य घ्या. अशा विषयांत अभ्यासक्रमापेक्षा शिक्षक मोठा असतो, कारण वर्गात चार-पाच मुले असतात आणि शिक्षकाने रोज तुमच्यासमोर बसून ओळीचा अन्वय, म्हणजे कोणता शब्द कोणाशी जोडायचा ते, लावून दाखवला नाही तर गाइड वाचून पास होण्याखेरीज काही उरत नाही. संयुक्त संस्कृतचे तुमचे गुण यात फार उपयोगी पडणार नाहीत. सुभाषितांचे पाठ केलेले भाषांतर विसरून शून्यापासून सुरुवात करा. पहिले वर्षभर रोज अर्धा-पाऊण तास शब्दरूपे आणि धातुरूपे मोठ्याने म्हणून पाठ करायची, त्यानंतर रोज चार ओळी घेऊन संधी सोडवायचे, समासांचा विग्रह करायचा, अन्वय लावायचा आणि मगच भाषांतर पाहायचे. आठवड्यातून एकदा पाच तास बसून हे होत नाही. ब्राह्मी लिपी तुम्ही त्या मानाने फार लवकर शिकाल, बहुतेक पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत; पण अक्षर लागले म्हणजे लेख वाचता आला असे मानणाऱ्यांच्या समाजमाध्यमांवरील फौजेत भरती होऊ नका.

विज्ञान शाखेची दोन वर्षे आणि ‘नीट’चे एक वर्ष फुकट गेले असे तुम्ही लिहिले नाही, पण पत्रात ते जाणवते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र येणारी विद्यार्थिनी पुरातत्त्वाला हवीच असते. उत्खननात सापडलेले जळके दाणे कोणत्या धान्याचे, हाडे कोणत्या जनावराची, थर किती जुना, हे सारे प्रयोगशाळेत ठरते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तिथल्या पहिल्या शेतकऱ्यांचे जेवण काय होते हे अशाच अभ्यासातून उभे राहिले. मराठवाड्यात अशा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांची वाण नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-व्यापाऱ्याच्या नोंदींत पैठण हे गुजरातमधील भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर, म्हणजे तगर, त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे; तेथून गाड्यांनी भडोचला माल जात असे. त्या तेरची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे, आणि इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पॉम्पेई शहरात तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली निघाली. भोकरदनच्या उत्खननातही तशी मिळालेली आहे. तेर तुमच्या गावापासून लांब नाही. प्रवेशाच्या आधी एकदा जाऊन ती पाहून या.

म्हणूनच घरचा विरोध फारच ताणला गेला तर मधला मार्गही आहे. बी.एस्सी. करावे, त्याबरोबर संस्कृत किंवा पालीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि रोजचा अर्धा तास चालू ठेवावा, आणि पदवीनंतर एम.ए.ला विषय बदलावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. या मार्गाने भाषा कच्ची राहण्याचा धोका आहे, कारण प्रॅक्टिकल आणि जर्नलांच्या गर्दीत पहिला बळी त्या अर्ध्या तासाचाच जातो. माझी पसंती बी.ए.लाच आहे, परंतु घरात रोज रडारड करून घेतलेल्या प्रवेशापेक्षा वडिलांच्या संमतीने घेतलेला हा लांबचा रस्ता बरा.

पुण्याला आत्ताच जाऊ नका. डेक्कन कॉलेज, भांडारकर प्राच्यविद्या संस्था, विद्यापीठातील संस्कृत-प्राकृत आणि पालीचे विभाग हे सारे तिथे आहे, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती जिथे जवळजवळ अर्धशतक खपून तयार झाली त्या संस्थेच्या ग्रंथालयात बसण्याचे सुख मी कमी लेखत नाही. पण ते सुख एम.ए.च्या वेळी खरे उपयोगी पडते. रूपे पाठ करण्यासाठी पुण्याच्या वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च तीन-चार वर्षे उचलण्याची गरज नाही. पदवीसाठी छत्रपती संभाजीनगर पुरेसे आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृतीचा आणि पालीचा विभाग आहे, पैठणच्या वस्तू ठेवलेले वस्तुसंग्रहालय आहे, आणि अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, पैठण ही सारी ठिकाणे सकाळी निघून रात्री परतण्याच्या अंतरावर आहेत. पुण्याच्या विद्यार्थ्याला अजिंठ्याला यायचे तर शैक्षणिक सहलीची वाट पाहावी लागते.

वडिलांना मुदत द्या : पदवी, त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि तिच्यानंतर नेटसाठी दोन वर्षे. तेवढ्यात नेट किंवा अधिछात्रवृत्ती हाती आली नाही तर बी.एड. करून शाळेत शिकवायला लागायचे, हे आजच लिहून ठेवा आणि ते पाळा. प्रवेश घेण्यापूर्वी मात्र वडिलांना बरोबर घेऊन महाविद्यालयात कामाच्या दिवशी जा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य आणि दुय्यम विषयांच्या जोड्या प्रत्येक महाविद्यालयात वेगळ्या असतात, तेव्हा संस्कृत आणि पाली एकत्र घेता येतात का हे माहितीपुस्तिकेवर न थांबता विभागात विचारून घ्या. शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारा. आणि तास रोज होतात का, हा प्रश्न कार्यालयाला न विचारता दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.